दिव्यांगांचं अनुदान थांबलं, रखडलं किंवा गोठलं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांग आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. रकमा आणि नियम महाराष्ट्रातले, २०२५ मधले आहेत. उत्तरं सगळी सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न दोन ओळींत सुटतात, काहींसाठी वर्षभर खेटे घालावे लागतात.

सरकारने तर अनुदान वाढवलं. मग कपात कसली?

वाढ झाली हे खरं आहे. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० केले आणि ऑक्टोबरपासून ते लागू झाले. ही वाढ आपोआप झालेली नाही. जून २०२५ मध्ये प्रहार संघटनेचे नेते बच्चू कडू अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, राज्यभरातून दिव्यांग तिथे पोहोचले. दिव्यांगांना महिना ६,००० मिळावेत ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ती पूर्ण झाली नाही, पण सरकारला हलावं लागलं.

कपात मात्र कधी जाहीर होत नाही. ‘दिव्यांगांचे पैसे कमी करण्यात येत आहेत’ असा शासन निर्णय काढायला कोणतंच सरकार धजावत नाही. त्याऐवजी वर्षानुवर्षं रक्कम तीच ठेवली जाते. दोन-तीन महिने पैसे येत नाहीत. पडताळणी निघते आणि यादीतून नावं गळतात. उत्पन्नाची मर्यादा न वाढल्यामुळे खरी गरजू माणसं आपोआप बाहेर पडतात. पासबुकात त्या महिन्याची एंट्री नसते, एवढंच लोकांना कळतं. विरोध कशाला करायचा हे ठरवण्याआधी ही न बोलता होणारी कपात ओळखता आली पाहिजे. ती ओळखून कागदावर आणणं हे आमच्या कामातलं पहिलं आणि सगळ्यात मोठं काम आहे.

केंद्र सरकार किती देतं?

महिन्याला ३०० रुपये.

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये २०० रुपयांनी सुरू झाली, २०१२ मध्ये ३०० झाले आणि तिथेच थांबले. वयाच्या ८०व्या वर्षानंतर ते ५०० होतात. शिवाय अट अशी की दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त हवं आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं हवं. ७५ टक्के दिव्यांगत्व असलेला माणूस केंद्राच्या हिशेबात बसतच नाही. महाराष्ट्रात हे ३०० धरून वरची रक्कम राज्य घालतं, म्हणून लाभार्थ्याला फरक जाणवत नाही. पण केंद्राचा वाटा किती आटला आहे ते बघा. २०१२ ला १०० धरून मोजला जाणारा ग्राहक किंमत निर्देशांक २०२५ मध्ये १९० च्या वर गेला. म्हणजे त्या वेळच्या ३०० रुपयांची आज दीडशेच्या आसपास किंमत उरली आहे. अर्धी रक्कम कोणताही आदेश न काढता कापली गेली. ज्या राज्यांत वरची भर कमी आहे, तिथे हा फटका थेट ताटाला बसतो.

कायद्यात याबद्दल काही आहे का?

आहे, आणि हे प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेबद्दल आहे. सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना कराव्यात, असं ते म्हणतं. ‘आर्थिक कुवत’ हे शब्द सरकारी वकील नेहमी पुढे करतात. पण त्याच कलमात पुढे एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट आहे: इतरांसाठी असलेल्या तशाच योजनांपेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे.

आता हे गणित लावून बघा. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनात ३०० आहेत, तर दिव्यांगांना किमान ३७५ हवेत. ३०० च आहेत. महाराष्ट्रात जुलै २०२३ ते सप्टेंबर २०२५ या २७ महिन्यांत संजय गांधी योजनेतल्या विधवा भगिनींना १,५०० आणि दिव्यांगांनाही १,५०० मिळाले. कलमाचं साधं वाचन केलं तर दिव्यांगांचे १,८७५ व्हायला हवे होते. महिन्याला ३७५ चा फरक, २७ महिन्यांचे १०,१२५ रुपये एका माणसामागे. आता २,५०० झाल्यामुळे राज्याच्या पातळीवर ही अट पूर्ण होते, पण पुढे इतर योजनांची रक्कम वाढली की पुन्हा हाच हिशेब मांडावा लागेल. तो मांडत राहणं आपलं काम आहे.

याच कलमात तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांच्या मदतनिसासाठी भत्ता आणि नोंदणी करूनही नोकरी न मिळालेल्यांना बेरोजगारी भत्ता याही गोष्टी लिहिलेल्या आहेत. दिवसरात्र सेवा करणाऱ्या आईला त्यातलं काय मिळतं, हा प्रश्न प्रत्येक आमदाराला विचारण्यासारखा आहे.

उत्पन्नाची मर्यादा किती? आमच्या घरात एक जण मजुरी करतो, तरी अपात्र ठरवलं.

संजय गांधी योजनेत दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत हवं, इतर प्रवर्गांसाठी ते २१,००० आहे. महिन्याला साधारण ४,१६६ रुपये, तेही सगळ्या घराचे.

महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर रोजी ३१२ रुपये होता. त्या दराने एका माणसाने वर्षात १६० दिवस काम केलं तर ४९,९२० होतात. १६१व्या दिवशी कामावर गेला की ते घर मर्यादेबाहेर. म्हणजे घरातल्या एकाही धडधाकट माणसाने वर्षातले निम्मे दिवसही मजुरी करायची नाही, अशी ही अट आहे. दिव्यांगाच्या घरात खर्च इतरांपेक्षा जास्त असतो हे तर त्यात धरलेलंच नाही. मणक्याला मार बसलेल्या माणसाला युरिन बॅग, कॅथेटर, हातमोजे, जखम झाली तर ड्रेसिंग हे रोज लागतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात एसटीने जाता येत नाही म्हणून गाडी करावी लागते. त्या वाहनाच्या एका फेरीत अनुदानातला मोठा हिस्सा संपतो.

या मर्यादेमुळे उत्पन्नाच्या दाखल्यावर कमी आकडा लिहून घेण्याची पाळी प्रामाणिक लोकांवर येते, आणि मग पडताळणीत तेच ‘खोटी माहिती देणारे’ ठरतात. मर्यादा वाढवा आणि दिव्यांगत्वामुळे होणारा खर्च त्यातून वजा करा, ही मागणी रक्कम वाढवण्याच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या मते तिच्याकडे दुर्लक्ष झालं आहे.

या महिन्यात पैसे आले नाहीत. सगळ्यात आधी काय करू?

आधी पासबुक भरून घ्या. मेसेजवर विसंबू नका, कारण मोबाइल नंबर बदललेला असतो किंवा घरातल्या दुसऱ्याचा दिलेला असतो.

एंट्री नसेल तर बँकेत दोन वेगळ्या गोष्टी विचारा. खात्याचं केवायसी पूर्ण आहे का, आणि आधार याच खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेलं आहे का? २०२५ पासून पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. सगळ्यात शेवटी जे खातं आधारला जोडलं गेलं, तिथे रक्कम जाते. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात कुणाचे पैसे जाऊन पडतात, आणि इकडे ती व्यक्ती ‘माझं बंद झालं’ म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहते. असं झालं असेल तर पैसे बुडालेले नसतात, ते त्या खात्यातून काढता येतात.

बँकेत सगळं ठीक असेल तर तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जा. तोंडी चौकशी करून परत येऊ नका. ‘वरून पैसे आले नाहीत’, ‘पोर्टल बंद आहे’, ‘पुढच्या सोमवारी या’ ही उत्तरं तोंडीच मिळतात आणि त्यांचा पुढे काही उपयोग होत नाही. अर्ज द्या, आवक टेबलवर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. मजकूर एवढा पुरे:

‘मा. तहसीलदार साहेब, (तालुका). विषय: संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान जमा न झाल्याबाबत. मी वरील योजनेचा दिव्यांग लाभार्थी असून (महिना, वर्ष) पासून माझ्या खात्यात अनुदान जमा झालेले नाही. अनुदान थांबवल्याची कोणतीही लेखी सूचना मला मिळालेली नाही. अनुदान कोणाच्या, कोणत्या तारखेच्या आदेशाने व कोणत्या कारणासाठी थांबवले ते मला लेखी कळवावे आणि थकबाकीसह अनुदान सुरू करावे, ही विनंती. सोबत: आधार, पासबुक व दिव्यांग प्रमाणपत्राच्या प्रती.’

‘आदेश कोणाचा, तारीख कोणती’ हे वाक्य गाळू नका. बहुतेक वेळा आदेश नसतोच, आणि तो नाही हे उघड झालं की नाव यादीत परत येण्याचा मार्ग सोपा होतो.

अंगठा उठत नाही, म्हणून हयातीची नोंद होत नाही. आता?

हे रोजचं दुखणं आहे. कुष्ठरोगातून बरे झालेले आजोबा आमच्यासोबत बँकेत आले होते. बोटांची टोकं झिजून गेलेली. यंत्रावर प्रत्येक बोट टेकवून झालं, दर वेळी लाल दिवा. मागची रांग कुरकुरायला लागली तसे ते स्वतःच ओशाळून बाजूला झाले. त्यांची चूक काहीच नव्हती. कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. ज्यांच्यासाठी योजना, त्यांनाच यंत्र ओळखत नसेल तर दोष यंत्राचा आणि ते वापरणाऱ्या व्यवस्थेचा.

बोटं उठत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळावरून, ओटीपीवरून किंवा कागदपत्रं बघून ओळख पटवण्याचे पर्याय आहेत. आधारच्या निकालात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं की यंत्रावर ओळख पटली नाही एवढ्या कारणावरून कुणाला हक्काच्या लाभापासून दूर ठेवता येणार नाही. ३० एप्रिल २०२५ ला याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते, त्यामुळे त्यांचं डिजिटल केवायसी होत नव्हतं. डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि दृष्टिहीन व चेहऱ्याला इजा झालेल्यांसाठी केवायसीचे नियम बदलायला सांगितलं. चेहरा दाखवून पडताळणी करायला कुणी सांगितलं आणि ती होत नसेल, तर अर्जात या निकालाचा उल्लेख करा. बिछान्याला खिळलेल्या माणसासाठी कर्मचाऱ्याने घरी यावं, अशी मागणीही लेखी करा.

फेरतपासणीत माझी टक्केवारी ४० च्या खाली आणली. मी काय करू शकतो?

अपील करू शकता. ४० टक्क्यांच्या खाली गेलं की योजनेतून नाव जातं, म्हणून गप्प बसू नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची सोय आहे. ज्या रुग्णालयाने तपासलं तिथूनच अपील प्राधिकरण कोणतं आणि मुदत किती ते लेखी विचारून घ्या आणि मुदत जाऊ देऊ नका. जुने केसपेपर, शस्त्रक्रियेची कागदं, ऑडिओमेट्री किंवा बुद्ध्यांकाचे अहवाल सोबत जोडा. पोलिओने लहानपणी गेलेला पाय चाळिशीत बरा होत नसतो. त्यामुळे पूर्वी ५५ टक्के होते आणि आता ३८ झाले, तर हे कशाच्या आधारावर झालं ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

‘अपात्र’ यादीत नाव आलं, पण कुणी काही विचारलंच नाही. असं करता येतं?

नाही. मिळत असलेला लाभ काढून घ्यायचा तर आधी नोटीस द्यायला हवी, कारण सांगायला हवं आणि म्हणणं ऐकून घ्यायला हवं. ज्या आदेशाने माणसाच्या हक्कांवर परिणाम होतो, तो त्याचं ऐकल्याशिवाय काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ओरिसा राज्य विरुद्ध बिनापाणी देई या १९६७ च्या निकालातच सांगून ठेवलं आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी चिकटवणं म्हणजे सुनावणी नव्हे. दृष्टिहीन माणसाला तर ती यादी दिसणारही नाही.

बोगस प्रमाणपत्रं खूप निघतात. मग पडताळणीला विरोध का?

पडताळणीला आमचा विरोध नाही. खोटं प्रमाणपत्र काढणारा दिव्यांगांचाच वाटा खातो, आणि कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती जरूर व्हावी.

विरोध आहे तो ‘आधी सगळ्यांचं थांबवा, मग खरे कोण ते बघू’ या पद्धतीला. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर संशयाची नजर सगळ्यांवरच फिरली. सरकारी नोकरीतल्या लबाडीचा राग गावातल्या मतिमंद मुलाच्या आईवर निघाला. तिला पुन्हा सिव्हिलच्या रांगेत उभं राहायला लावलं गेलं, तेही डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या वारीच बसतात हे माहीत असताना. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, याचसाठी काढलं होतं ना, की एकदा तपासणी झाली की देशभर चालावं? मग शंका आहे तिथे तपासा, घरी जाऊन तपासा, आणि निकाल लागेपर्यंत पैसे चालू ठेवा. ही मागणी कुणालाही अवाजवी वाटायचं कारण नाही.

सरकारकडे पैसाच नाही म्हणतात. मग देणार कुठून?

राज्याची तिजोरी ओढाताणीत आहे हे आम्हालाही दिसतं. पण खर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी कुणाच्या ताटावर चालते, हा निवडीचा प्रश्न आहे. संविधानाच्या कलम ४१ ने दिव्यांगत्व, आजारपण, म्हातारपण अशा वेळी सार्वजनिक मदत देण्याची दिशा सरकारला आखून दिली आहे. ‘दिव्यांगांना व काम करण्यास असमर्थ असलेल्यांना साहाय्य’ हा विषय सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे राज्याला केंद्राकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्यामुळे केंद्रालाही अंग काढून घेता येत नाही.

शिवाय आपल्या जवळच न खर्चलेला पैसा असतो. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात गेल्या तीन वर्षांत हे ५ टक्के किती झाले आणि कशावर खर्च झाले, एवढं माहितीच्या अधिकारात विचारून बघा.

मला संजय गांधीचे पैसे मिळतात. लाडकी बहीणही मिळेल का?

नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढीच किंवा जास्त मासिक रक्कम मिळत असेल तर त्या योजनेत अपात्र धरतात. यावर आमचं म्हणणं असं की दिव्यांग स्त्रीला बाई म्हणून असलेल्या अडचणी आणि दिव्यांगत्वाचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीमुळे दुसरीवर फुली मारणं बरोबर नाही. पण दोन्हीकडे अर्ज करून बसू नका, वसुलीची नोटीस येऊ शकते.

मुलगा अठरा वर्षांचा झाला. बौद्धिक दिव्यांगत्व आहे. बँक म्हणते पालकत्वाचा दाखला आणा.

राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांत ती कायदेशीर पालक नेमते. मूल सतरा वर्षांचं असतानाच कागदपत्रं जमवायला घ्या, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

तहसीलदारांनी दाद दिली नाही. पुढे कुठे जायचं?

जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी. पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. तिथे तुमचा शिक्का मारलेला अर्ज कामाला येतो.

त्यासोबत माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आपल्या एकट्याच्या पैशांबद्दल विचारण्यापेक्षा पूर्ण तालुक्याची माहिती मागा: गेल्या वर्षभरात किती दिव्यांगांचं अनुदान थांबवलं, कोणत्या कारणांनी, आणि त्यातल्या किती जणांना आधी नोटीस दिली. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा ठरतो.

मग पुण्याचे दिव्यांग आयुक्त. २०१६ च्या कायद्याने राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने काय कारवाई केली ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. साध्या कागदावर, मराठीत, टपालाने तक्रार पाठवली तरी चालते. वकील लागत नाही.

वकील लागलाच तर तो फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये दिव्यांग व्यक्तींचं नाव आहे, आणि त्यांना उत्पन्नाची अटही नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा. पुष्कळ लोकांच्या बाबतीत एकत्र अन्याय झाला असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करता येतो.

निवेदनं देऊन, मोर्चे काढून सरकार खरंच मागे हटतं का?

हटतं. दरवेळी नाही, आणि पूर्णही नाही, पण हटतं.

आपल्याकडचा दाखला १९९५ चा. दिव्यांगांसाठीचा पहिला कायदा संसदेत अडकून पडला होता. १९ डिसेंबरला दिव्यांग हक्क कार्यकर्ते जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले, व्हीलचेअर, कुबड्या, पांढऱ्या काठ्या घेऊन. २२ डिसेंबरला विधेयक मंजूर झालं. तीन दिवसांत.

बाहेरचा अगदी ताजा दाखला ब्रिटनचा आहे. तिथल्या मराठी कुटुंबांनीही आम्हाला त्याबद्दल विचारलं आहे. मार्च २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने दिव्यांगांच्या ‘पिप’ या भत्त्याचे निकष कडक करायचं ठरवलं. जेवण बनवणं, अंघोळ, कपडे घालणं अशा एकेका कामाला गुण देतात. गुण वेगवेगळ्या कामांत थोडे थोडे असले तरी आतापर्यंत भत्ता मिळत होता. नव्या प्रस्तावात निदान एका कामात चार गुण हवेत अशी अट होती. म्हणजे जिची पाच कामं थोडी थोडी अडतात, तिचा भत्ता जाणार. वर्षाला सुमारे पाच अब्ज पौंड वाचवायचे होते. याने अडीच लाख लोक गरिबीत ढकलले जातील, हा अंदाज सरकारच्याच कागदात होता. दिव्यांगांच्या संघटनांनी तो कागद उचलून धरला, खासदारांच्या भेटी घेतल्या, आपली दिनचर्या लिहून त्यांना पाठवली. सत्ताधारी पक्षाचेच शंभराहून जास्त खासदार उलटले. जूनच्या शेवटी सरकारने सध्याच्या लाभार्थ्यांना वगळलं, आणि १ जुलैला मतदानाच्या ऐन तोंडावर ती अटच विधेयकातून काढली. नवे निकष आधी दिव्यांगांसोबत बसून तपासू, असं मान्य करावं लागलं. आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्या नव्या अर्जदारांच्या भत्त्यातली कपात मात्र राहिली, ती एप्रिल २०२६ पासून लागू करायचं ठरलं. म्हणून तिथली लढाई संपलेली नाही.

यातून आपल्याला घेण्यासारखं खूप आहे. त्यांनी सरकारचाच आकडा सरकारपुढे धरला. आपल्याकडे तसा अंदाज बाहेर येत नाही, म्हणून तो माहितीच्या अधिकारातून बाहेर काढावा लागतो. आणि त्यांनी विरोधकांपेक्षा सत्ताधारी खासदारांचे उंबरे जास्त झिजवले. आपण बहुतेकदा उलट करतो.

आंदोलन करायचं ठरलं तर कशाची काळजी घ्यायची?

मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा ठेवा. ‘दिव्यांगांना न्याय द्या’ यावर साहेब मान डोलावतात आणि निघून जातात. ‘तालुक्यातल्या थांबवलेल्या सगळ्या लाभार्थ्यांना ३० तारखेपर्यंत लेखी कारण द्या’ यावर त्यांना तारीख द्यावी लागते.

पोलिस ठाण्यात आधी पत्र द्या. जागा निवडताना सावली, पाणी आणि व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृह आहे का ते स्वतः जाऊन बघा. नाहीतर बायका सकाळपासून पाणी प्यायच्याच थांबतात, आणि मणक्याच्या दुखापतीच्या माणसाला त्याने दवाखान्यात न्यायची वेळ येते. कर्णबधिर साथी येणार असतील तर सांकेतिक भाषेची दुभाषी सोबत हवी, त्यांना फक्त गर्दी वाढवायला बोलावू नका. मंचावर बोलायला दिव्यांग व्यक्ती असावी, तिच्या वतीने बोलणारा पुढारी नको. अधिवेशन जवळ असेल तर मोर्च्याच्या आधी आमदारांना भेटून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी टाकायला सांगा. सभागृहातलं उत्तर लेखी नोंदीत राहतं, आणि पुढच्या वर्षी तेच समोर ठेवता येतं.

तक्रार केली तर चालू असलेले पैसेही बंद करतील, अशी भीती वाटते.

ही भीती खोटी नाही, कारण ज्या टेबलाकडे तक्रार करायची त्याच टेबलावर पुढच्या वर्षीचा हयातीचा कागद द्यायचा असतो. म्हणून एकट्याने पुढे होऊ नका. एका गावातल्या, एका वाडीतल्या सात-आठ जणांनी एकत्र अर्ज द्या. एका माणसाचं नाव लक्षात ठेवता येतं, यादीतली सगळीच नावं वगळली तर ते लगेच दिसून येतं. माहितीचा अर्ज संस्थेच्या किंवा गावातल्या एखाद्या सजग माणसाच्या नावाने टाका. प्रत्येक सरकारी कार्यालयात २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. तो कोण आहे, हे पहिल्याच अर्जात विचारून ठेवा.

मी दिव्यांग नाही. मला काय करता येईल?

बँकेच्या रांगेत, तहसीलच्या जिन्यावर सोबत जा. अर्ज लिहून द्या, शिक्का घेईपर्यंत तिथेच थांबा. ग्रामसभेत ५ टक्के निधीचा विषय तुम्ही मांडा, कारण ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढून येणं ज्यांना जमत नाही, त्यांचा तो विषय आहे. आणि पुढच्या ग्रामसभेची जागा तळमजल्यावर ठेवा असा ठराव त्याच बैठकीत करून घ्या.